आपोआप थांबलेली गळती

आमच्या गल्लीतल्या प्लंबरला सगळे वॉशरमास्तर म्हणत. नळ गळो, छप्पर गळो की घरमालकाची सून रुसून माहेरी जावो, त्याचं निदान ठरलेलं: "वॉशर गेलाय!" हात सोन्याचे, तोंड अखंड चालू. फक्त एका बाबतीत ते मिटलेलं असे.

तीन वर्षांपूर्वी परगावी मोठ्या इमारतीचं काम करताना तो नको तिथे गेला. मग नको तिथे एक फोड आला. दुखत नव्हता. महिन्याभरात आपोआप गेलाही. आता गंमत बघा, हाच माणूस गिऱ्हाइकांना दटावायचा, "गळती आपोआप थांबली ना ताई, की घाबरायचं. पाणी भिंतीत शिरलंय." स्वतःच्या वेळी मात्र हुश्श करून बायकोकडे घरी आला.

पहिलं बाळ सातव्या महिन्यात मेलेलंच जन्मलं. "हिच्या कुशीतच खोट," त्याची आई म्हणाली. त्यालाही तसंच वाटलं.

पुढच्या खेपेला चौथ्या महिन्यात दवाखान्यात दोघांचं रक्त तपासलं. सिस्टरनी दोघांना आत बोलावलं.

"उपदंश आहे. संबंधातून लागतो. तुम्हाला कधी फोड आला होता?"

"आला होता. बरा झाला."

"फोड बरा झाला हो, रोग नाही. तो तुमच्याकडून यांना आणि यांच्याकडून बाळाला. इंजेक्शनं दोघांनीही घ्यायची. एकानेच घेतली तर परत लागेल. डॉक्टर सांगेपर्यंत जवळ यायचं नाही."

"हे बाळ वाचेल?" बायकोने विचारलं.

"लवकर आलात. आशा आहे."

"आणि ते पहिलं?"

सिस्टर हळूच म्हणाल्या, "बहुतेक यानेच गेलं."

घरी आई दारातच उभी. "काय म्हणाले? हिच्यातच दोष ना?"

मास्तर म्हणाला, "नाही आई. दोष माझा. रोग मी आणला. पहिलं माझ्यामुळे गेलं."

आई हसली. "बघा, बायकोसाठी किती खोटं बोलतोय! माझ्या पोटचा पोर असला नाही."

बायको आतूनच म्हणाली, "अहो, दवाखान्याचा कागद वाचून दाखवा त्यांना."

मास्तरने खिशातला आपल्या रक्ततपासणीचा कागद उलगडला. पहिल्या ओळीत त्याचंच नाव होतं. तेवढं वाचायलाच त्याला फार वेळ लागला.