पाचटाखालचा चर

हे मी आजवर कुणापुढं बोललो नाही. बायकोपुढं नाही, लेकापुढं नाही, देवळात एकटाच बसलो असताना देवापुढंही नाही. ज्यांना कळलं त्यांना न सांगता कळलं, ते वेगळं. चौथी शिकलेला माणूस मी. लिहायला घेतलं की हात जड होतो. पण बोलायला आता समोर आहे कोण? म्हणून लिहितो. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही — तेच बरं.

आमच्या श्रीगोंद्याच्या अंगाला आभाळात रोज विमानं असतात. मोठी नव्हेत, शिकाऊ. पंख टपावर, पुढं एकच पंखा, खाली तीन चाकं, आत दोन माणसं मावतील एवढं. पाहुणारावळा मान वर करून बघतो, आम्ही बघत नाही. मी ऐकतो. कधी कधी वरच्यावर त्याचा आवाज एकदम बारीक होतो. शिकवण्याचाच भाग आहे तो — इंजिन मंद करायचं, कुठल्या रानात उतरता येईल ते हेरायचं, थोडं खाली यायचं आणि पुन्हा वर जायचं. हे सगळं मला आता माहीत आहे. तरी आवाज बारीक झाला की भाकरीचा तुकडा हातातच राहतो. पुन्हा घर्र झालं की मग घास तोंडात जातो.

का? — सांगतो. सरळ सांगता येत नाही, वळसा घेऊन येतो.

माझ्या रानाच्या कडेनं एक वाट जाते. आज्या-पणज्याच्या बैलगाड्यांनी पाडलेली, दोरी लावल्यासारखी सरळ. माझं रान पुढं, चुलतभाऊ दगडूचं मागं. त्याचा ऊस बाहेर काढायचा तर त्याच वाटेनं, नाहीतर पाटाच्या अंगानं लांबचा वळसा. वाट माझ्या बांधातली आहे असं माझं म्हणणं, वहिवाटीची आहे असं त्याचं. तलाठी झाले, मोजणी झाली, पंच बसले. मी मागं हटलो नाही. हटणं माझ्या रक्तात नव्हतं, आणि याचा मला मोठा अभिमान होता. असं भांडण चिघळलं की आमच्याकडं माणूस काय करतो? वाटेला आडवा चर मारतो. दुसऱ्या दिवशी समोरचा येतो, चर बघतो, शिव्या देतो, चार माणसं गोळा होतात, चर बुजवतात. भांडायची एक रीतच आहे म्हणा ना.

मीही मारला. दगडूच्या उसाला तोड आली होती, सकाळी त्याची भरलेली ट्रॉली त्या वाटेनं निघणार होती. माझा ऊस नुकताच तुटून गेला होता. दिवस मावळायच्या आत एकट्यानं, गुडघ्याएवढा खोल चर खणला. माती रानात फेकली.

इथवर रीत झाली. आता रीत नाही ते सांगतो — मी तो झाकला. पाचट आणलं, माझ्याच तुटलेल्या उसाचं वाळकं पाचट, आणि चरावर अंथरलं. थोडं अलीकडं, थोडं पलीकडं, वाऱ्यानं उडून आल्यासारखं. का झाकला? दगडूनं थांबू नये म्हणून. त्याच्या ट्रॅक्टरचं पुढचं चाक आत जावं, ऊस उलटावा, त्याची चारचौघांत शोभा व्हावी म्हणून. त्यात दगडूच जायबंदी झाला असता तर? हा विचार मनात आला नाही असं मी म्हणणार नाही. आला होता. मी पाचट टाकत राहिलो.

सखू, माझी बायको, बांधावर उभी होती. ती म्हणाली, "झाकू नका. उगडा ऱ्हाऊ द्या. दिसला तर मानूस थांबल तरी."

मी म्हणालो, "तू भाकरी थाप जा."

सकाळ झाली. मी विहिरीवर मोटार चालू करायला गेलो होतो. दगडूची ट्रॉली काही आली नाही. मी वाट बघत होतो — चांगल्या गोष्टीची बघावी तशी. आणि वरचा आवाज थांबला. बारीक नाही झाला, थांबला. बघतो तर विमान पाटावरून वळून घारीसारखं तरंगत खाली येतंय, बिनआवाजाचं. पंखा फिरायचा थांबून उभा. त्यानं सऱ्यांचं रान सोडलं, उसाचं रान सोडलं आणि नाक धरलं त्या सरळ वाटेवर.

तुम्हाला वाटेल, मला आधी आतल्या माणसाची आठवण झाली असेल. नाही. मला आधी चर आठवला. आता कळणार सगळ्यांना, हे आधी आलं — आत माणूस आहे, हे मागनं आलं. मी हात केला नाही, ओरडलो नाही. ओरडून ऐकू गेलं असतं का? नसतं. पण मी ओरडलो नाही, हे ऐकू न जाण्यामुळं नव्हतं.

काय सुरेख टेकलं ते! आधी मागची दोन चाकं, बदक पाण्यावर उतरावं तशी. पुढचं चाक कितीतरी वेळ वरच धरलेलं होतं. मग तेही हळूच खाली आलं, वेग कमी होत गेला, आता थांबणार — आणि पाचट उडालं. पुढचं चाक मोडून पडलं, शेपूट आभाळाकडं उठलं, विमान घसरत माझ्या रानात जाऊन उलटं पडलं.

मी धावलो, हे खरं. दार ओढलं, पट्टा विळ्यानं कापला, माणूस बाहेर काढला. माणूस कसला, पोरगी होती. वीस-एकवीसची, एकटी. मान एका अंगाला धरून होती आणि इंग्रजीत काहीतरी पुटपुटत होती. गाव जमलं, तिला जीपमध्ये घालून श्रीगोंद्याला नेलं. मी गेलो नाही. मी विमान राखायला थांबलो, असं सगळ्यांना वाटलं.

मी ट्रॅक्टर काढला, मागं फळी लावली. म्हणालो, पोलिसांच्या गाड्या येतील, वाट सारखी करतो. आणि सगळ्यांच्या देखत चर बुजवला. कुणी बघितलं नाही. रानात विमान उलटं पडलेलं असताना जमिनीकडं कोण बघतं? दुपारपर्यंत त्यावरून इतक्या गाड्या आणि इतकी पायतानं गेली की मलासुद्धा जागा सांगता आली नसती.

पुढं चौकशीचा साहेब आला. भला माणूस. सरपंचाच्या ओट्यावर चहा घेताना त्यानं समजावून सांगितलं की हे विमान म्हणजे लहान विमानांतलं सगळ्यात सरळ जनावर. देशोदेशीची पोरं यावरच शिकतात. इंजिन बंद पडलं तरी दगडासारखं पडत नाही, तरंगत येतं. याचे अपघात बहुतेक उतरतानाच होतात आणि माणसं त्यातून चालत बाहेर येतात. नाजूक म्हणाल तर एकच, पुढचं चाक. ते होईल तितकं उशिरा टेकवायचं. घाईनं टेकवलं की मोडतं आणि विमान उलटतं. इंजिन बंद पडण्यात पोरीचा दोष नव्हता, तेलाच्या वाटेत काहीतरी अडकलं होतं. सऱ्या सोडून वाट निवडली तेही शहाणपणाचं. फक्त पुढचं चाक तिनं लवकर टेकवलं — असं त्याचं मत पडलं. मला विचारलं, तुम्ही बघितलं ना? मी म्हणालो, "व्हय. नाकावरच आलं."

गावानं माझा सत्कार केला. शाल, नारळ, हार. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी हात जोडून उभा राहिलो. नंतर कितीतरी वर्षं हॉटेलात चहावर मी ती गोष्ट सांगायचो, आणि प्रत्येक वेळी थोडी वाढवायचो. विमान डबडं होतं म्हणायचो. पोरींच्या हातात विमान दिल्यावर दुसरं काय होणार म्हणायचो. लोक हसायचे. मी सगळ्यांत आधी हसायचो.

सत्कारानंतर थोड्याच दिवसांनी ती पोरगी आली. भिंगारहून, बापाच्या मोटारसायकलवर मागं बसून. बाप तिकडं लष्कराच्या कुठल्याशा कचेरीत कारकून. तिच्या मानेला पट्टा होता. बाप लिंबाखाली थांबला, ती माझ्याबरोबर वाटेनं चालत गेली. पुढं गेली, मागं आली, वाकता येईना म्हणून गुडघ्यावर बसली आणि हातानं माती चाचपली. मग म्हणाली, "काका, एकच विचारते. मी उतरले तेव्हा इथं काही होतं का? खड्डा, दगड, काहीही? मला हिसका बसल्यासारखं आठवतंय."

इथं मी बोलू शकलो असतो. बघणारं कुणी नव्हतं. पोलीस नव्हते, दगडू नव्हता. एक पोरगी आणि मी.

मी म्हणालो, "न्हाई पोरी. वाट परातीसारखी सपाट हुती."

"मग माझंच चुकलं," ती म्हणाली. आणि मानेचा पट्टा सांभाळत, कशीबशी खाली होऊन तिनं माझ्या पायाला हात लावला — मी तिला वाचवलं म्हणून.

सखू दारातून बघत होती. सत्काराची शाल तिनं पेटीच्या तळाशी घातली, आणि कितीही थंडी पडली तरी पुन्हा कधी काढून दिली नाही. मी मागितलीही नाही. आमच्यात शेवटपर्यंत बोलणं होतं, पण मोटार चालू झाली का, वीज आली का, एवढंच.

सखूच्या दहाव्याला दगडू आला. इतक्या वर्षांत माझ्या दारात पहिल्यांदा. जेवला नाही. निघताना जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "आप्पा, मी त्या सकाळी चालत म्होरं आल्तो. पाचट बघितलं, काठी घालून बघितली. ट्रॉली पाटाच्या अंगानं काढली. मी बी कुनाला बोललो न्हाई. घराचं नाव जाईल म्हनून." माझ्याकडं बघत थांबला. मी काहीतरी बोलावं म्हणून थांबला असेल. मी उठून आत गेलो.

विमान पडलं त्या सकाळपासून तो पाटाच्या अंगानंच जातो. वाट माझी झाली. भांडण मी जिंकलं. वाटेत गुडघ्याएवढं गवत आहे आणि तिच्यावरून कुणी येत नाही. लेक शहरात, सावेडीला फ्लॅटमध्ये राहतो, तो येतो तर डांबरी रस्त्यानं येतो आणि दिवस मावळायच्या आत जातो.

त्याच्याकडं गेलो होतो तेव्हा ती एकदा दिसली. शाळेपुढं स्कूटर लावून उभी होती, लहान मूल घ्यायला आली असावी. तिनं मला बघितलं नाही, मी ओळखलं. तेवढ्यात वरून लष्कराचं हेलिकॉप्टर गेलं. शाळेपुढची सगळी माणसं, पोरं, रिक्षावाले, मीसुद्धा, वर बघायला लागलो. तिनं वर बघितलं नाही. मानेमुळं की आणखी कशामुळं — मला कसं कळणार? ती उडते का, हे विचारायला मी चार पावलं पुढं गेलो आणि वळलो. मूल आलं, ती गेली.

अभिमान म्हणायचो मी ज्याला, त्याचं काय झालं म्हणता? आहे अजून. आजही दगडूच्या दारात पाऊल टाकवत नाही. भिंगार काही लांब नाही, एसटी जाते. मी गेलो नाही. हे इथं लिहिलं म्हणजे तिथं सांगितलं, असं होत नाही, एवढं मला चौथी शिकून कळतं.

आत्ताही वर एक फिरतंय. आवाज बारीक झालाय.

तिनं मातीला हात लावून विचारलं होतं, त्याचं खरं उत्तर असं आहे. होतं पोरी. तिथं चर होता. मी खणला, मीच झाकला. पुढचं चाक तू लवकर टेकवलं नव्हतंस. मी बघत होतो. तू ते कितीतरी वेळ वर धरलं होतंस.