जिलबीचं वारूळ

श्यामलाबाई राजवाड्यांची नजर इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या मराठी मंडळात प्रसिद्ध होती. गणपतीच्या जेवणाचे दहा किलो तांदूळ त्या एकट्या निवडत, आणि कुणाच्या वाट्याला खडा आला तर तो दुसऱ्याच कुणीतरी टाकलेला असे. ही नजर त्यांनी कमावली होती प्राथमिक शाळेत. वीस वर्षं त्या तिथे मदतनीस होत्या आणि पोरांच्या डोक्यातल्या उवा शोधत. ऊ सापडली की छापील पत्र घरी जायचं, मग पोर डॉक्टरचं असो की पाद्र्याचं.

१९९४ साली असं एक पत्र त्यांच्या स्वतःच्या घरी आलं. सात वर्षांची नात अक्षया त्याच शाळेत होती. सून शिल्पा म्हणाली, “अहो आई, घरी तोंडी सांगितलं असतं तर?” श्यामलाबाई म्हणाल्या, “नियम म्हणजे नियम.” शिल्पा पुढे तीन महिने त्यांच्याशी फक्त मिठाचा डबा मागण्यापुरतं बोलली. पत्रात शेवटी ‘यात लाज वाटण्यासारखे काही नाही’ असं वाक्य होतं. श्यामलाबाईंचा त्यावर काडीचाही विश्वास नव्हता.

तर २००६च्या उन्हाळ्यात हीच अक्षया दोन महिन्यांसाठी केंब्रिजला एका प्रयोगशाळेत कामाला गेली आणि आपला साप घरी आजीच्या खोलीत ठेवून गेली. नारंगी रंगाचा, बिनविषारी कॉर्न स्नेक, सदा वेटोळं घालून बसलेला, म्हणून नाव जिलबी. लेक जाण्याआधीच शिल्पाने बजावलं होतं, “एकही भानगड झाली तर ही पेट शॉपला परत जाईल.” अक्षयाने फ्रिजवर यादी चिकटवली. पहिलाच नियम होता: बाहेरची कुठलीही वस्तू जिलबीच्या काचेच्या पेटीत टाकायची नाही.

श्यामलाबाईंनी यादी वाचली. पण यादीत नागपंचमीचा विचार केलेलाच नव्हता. घरात खराखुरा नाग (त्यांच्या लेखी जिलबी नागच) आणि त्याला वारूळ नाही? असा करंटेपणा त्यांना कसा सोसणार! रविवारी कार बूट सेलमध्ये, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बाजारात, त्यांना एक लाकडी गुहा दिसली. विकणारा म्हणाला, माझ्या अजगराची होती. म्हणजे वापरातली, अनुभवी! नागपंचमीला त्यांनी गुहेला हळदकुंकू वाहिलं, लाह्या ठेवल्या, आरती केली आणि गुहा तशीच्या तशी काचेच्या पेटीत सरकवली. जिलबी आत शिरली तेव्हा त्यांना अगदी भरून आलं.

आठवडाभराने जिलबी पाण्याच्या वाडग्यात जाऊन बसली आणि बाहेर येईना. श्यामलाबाईंना वाटलं, श्रावणातली स्नानं चालली आहेत. तिसऱ्या दिवशी त्यांनी वाडगा उचलला. तळाशी काळे ठिपके होते, मिरपूड सांडल्यासारखे. त्यांनी चष्मा चढवला, जिलबीला पांढऱ्या किचन पेपरवर घेतलं आणि वीस वर्षांच्या सवयीने आधी डोळ्यांभोवती पाहिलं, मग हनुवटीखाली. खवल्यांच्या कडेला एक ठिपका चालत होता.

“अगं बाई,” त्या खाली बसल्या. “उवाच की!”

उवा नव्हेत, माइट्स, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे, आणि ते त्या जुन्या गुहेतूनच आले, हे त्यांना जनावरांच्या डॉक्टरने सांगितलं. त्याच्याकडे जाताना जिलबी उशीच्या अभ्र्यात होती आणि अभ्रा पिशवीत. बसमध्ये नेमकी मंडळातली अरुणा शेजारी येऊन बसली. पिशवी हलली. श्यामलाबाईंनी ती पिशवी गुडघ्यांत दाबून हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या, आणि दवाखान्याच्या स्टॉपपर्यंत त्या इंग्लंडच्या पावसावर जितकं बोलल्या तितकं तीस वर्षांत बोलल्या नव्हत्या. डॉक्टरने स्प्रे दिला आणि सांगितलं: पेटीतला भुसा फेका, गुहा फेका, पेटीचे कोपरे गरम पाण्याने धुवा, खाली पांढरा कागद घाला, रोज बदला, रोज तपासा. अंडी मागाहून फुटतात, म्हणून महिनाभर तरी सोडायचं नाही.

आता पंचाईत ही, की हे शिल्पाला कळलं तर जिलबी जाणार आणि अक्षया आयुष्यात पुन्हा आजीवर काही सोपवणार नाही. म्हणून श्यामलाबाईंनी सगळं चोरून चालवलं. पण किचन पेपर कसा लपणार? दोन आठवड्यांत बारा रोल संपले. शिल्पा एका दुपारी कामावरून लवकर आली, तर सासूबाई डोळ्याला भिंग लावून सापाची हनुवटी न्याहाळत होत्या.

शिल्पा तडक मागे फिरली, वर गेली आणि एक घडी घातलेला कागद घेऊन आली. “वाचा.”

१९९४चं पत्र! बारा वर्षं जपलेलं. श्यामलाबाईंनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. लाज म्हणजे काय ते त्यांना आज कळत होतं, कानाच्या पाळीपर्यंत.

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. “तेव्हाही.”

शिल्पाने पत्राची पुन्हा घडी घातली. “जिलबी राहू दे. पण अक्षयाला तुम्ही सांगायचं. नियम म्हणजे नियम.”

फोनवर अक्षया आधी ओरडलीच. “आजी, ओ माय गॉड! मी लिस्टवर फर्स्ट हेच लिहिला होता!” मग तिला हसू आवरेना. “मला तू डेली फणी करायची, रिमेंबर? आता तिचा चेकिंग पण डेली. नो सुट्टी.”

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी श्यामलाबाई भिंग धरत आणि शिल्पा टॉर्च. आठवडाभर काही सापडेना, तरी तपासणी चालूच होती. अक्षया यायच्या आदल्या दिवशी किचन पेपर संपला. “थांबा, आहे एक कागद,” शिल्पा म्हणाली. तिने ते जुनं पत्र आणलं, कोरी बाजू वर करून पेटीत अंथरलं आणि हाताने सारखं केलं.

सकाळी दोघींनी वाकून पाहिलं. कागदावर काळा ठिपका एकही नव्हता. जिलबीने मात्र रात्रीतून त्याच्या बरोब्बर मधोमध घाण करून ठेवली होती.

“फेकू?” श्यामलाबाईंनी विचारलं.

“फेका,” शिल्पा म्हणाली, आणि चहा टाकायला गेली.