जनाचा होय

शेटच्या बंगल्याच्या पडवीत पाहुणे बसले होते. माझा जना मधे उभा, डोकं वाकवून. एकेक जण उठत होता आणि त्याच्या डोक्याला बोट लावून बघत होता.

उजव्या कानाच्या वर जनाला हाड नाही. जीपच्या मागं लोंबकळून कल्याणला कामाला जायचा, वळणावर पडला. मुंबईच्या इस्पितळात कवटीचा तुकडा काढला, तेव्हा जीव वाचला. आता तिथं नुसती कातडी. खोलगट. आत धडधडतं ते दिसतं. मी बाप, पण तेल लावताना ती जागा मीही सोडतो.

एक बाई हसली. "ई, किती मऊ!"

मी भाकरी घेऊन गेलो होतो. ओरडलो. शेट खुर्चीतून उठलासुद्धा नाही.

"ए म्हाताऱ्या, बोंबलतोस कशाला? त्याला विचारूनच लावला हात. काय रे जना?"

"होय शेट. लावा ना," जना म्हणाला. वर हसला.

हाताला धरून घरी आणला. दुसऱ्या दिवशी शेटचा गडी दारात आला, "चल रे" म्हणाला, हा निघाला.

पडायच्या आधी जना गवंडी होता. अजून बोलण्यात कुणाला हार जात नाही. एस्टीच्या कंडक्टरची नक्कल करील, दहा वर्षांनी भेटलेला माणूस ओळखील. पण धसईच्या बाजारात मीठ आणायला धाडला, तर मुरबाडच्या स्टँडवर सापडतो. काम सांगितलं की थांब म्हणेपर्यंत थांबत नाही. तहान लागलेली कळत नाही. शेटनं ते बरोबर हेरलं. दिवसभर कुंपणाचे दगड वाहायला लावायचा, डोक्यावरून. संध्याकाळी जुना शर्ट आणि शाबासकी. त्या जागी एक दगड लागला की संपलं, असं डॉक्टरनं मला दोनदा बजावलं होतं.

चौकीत गेलो. "तीस वर्षांचा घोडा आहे, त्याच्या मर्जीनं जातो," म्हणाले. तिथून सरकारी दवाखान्यात धाडलं. तिथं समाजसेवेची बाई होती, ती जबाब घेणार होती. शेटलाही बोलावलं. त्याला खुर्ची मिळाली. आम्ही उभे.

बाईनं नाव विचारलं, गाव विचारलं, वार विचारला. जनानं सगळं बिनचूक सांगितलं.

"तुम्ही तिकडे स्वतःच्या इच्छेने जाता?"

"होय मॅडम."

"तिथे आवडतं तुम्हाला?"

"होय. झ्याक आवडतं."

बाईनं लिहिलं. मग माझ्याकडं वळली. "बाबा, याला सगळं समजतं. सज्ञान आहे तो. तुम्ही शिकलेले नाही म्हणून सांगते, मुलाच्या हक्काच्या आड येऊ नका. तो राजीखुशीनं जातो, तुमची तक्रार नाही, असं लिहिलंय. इथं सही करा."

शेट म्हणाला, "म्हाताऱ्याला वाटतं, पोरगं याच्याच शेतात राबावं."

सकाळपासून उभा होतो. पायांत गोळे आले होते. तिसरी शिकलेला माणूस मी, सही येते मला. वाटलं, करावी आणि सुटावं. पेन हातात घेतलं. ते खाली ठेवलं.

"बाई, मी एक इचारू त्याला?"

"विचारा."

"जना, शेटनी तुला काठीनं मारलं ना रे?"

"होय बाबा. मारलं."

शेट ताडकन उठला. "खोटं! साफ खोटं बोलतोय!"

"खोटंच हाय," मी म्हणालो. "तुमी त्याला काठी नाय मारली. पन आताचा होय खोटा, नि मघाचा खरा? कसा काय, शेट?"

बाईचं पेन थांबलं. शेटनं गाडीची चावी उचलली. "येवढा वेडा आहे तर बांधून ठेव घरी."

"येडा नाय तो. त्याला नको म्हणता येत नाय, येवढंच."

परतताना एस्टीत जना खिडकीशी बसला. मग म्हणाला, "बाबा, माजं काय चुकलं का?"

चारचौघांत त्याला खोटा पाडला तो मी, बापानं. आणि शेटचा टोमणा आतून कुरतडत होता. कारण भर उन्हात भाताचे भारे मीही त्याच्याकडूनच वाहून घेतले होते. दमलास का, असं एकदाही विचारलं नव्हतं. माझं पोर उलट बोलत नाही, असं गावभर मिरवत होतो.

बाई नंतर दोनदा घरी आली. ओट्यावर बसून तो काय करतो ते बघितलं. दुसरा कागद लिहिते म्हणाली. मग तिची बदली झाली. परवा नव्या साहेबानं माणूस धाडला, पहिलाच कागद घेऊन. सही राहिलीय म्हणे.

मी थकलोय. गुडघे गेले. शेटचा गडी अजून दारात येतो, मी त्याला दारातूनच परत लावतो. पण आता मला पक्कं कळलंय. जनाच्या होयवर कुणी काही घ्यायचं नाही. शेटनं नाही, सरकारनं नाही, मीसुद्धा नाही. ज्याला लिहायचंय त्यानं इथं यावं, चार दिवस त्याच्याबरोबर काढावेत, मग लिहावं. तो कागद मी सही न करताच परत धाडला.