न हलता काढलेल्या रात्री

बसकाकांना डुलकी लागली ती सिग्नलला. बस उभी होती, ब्रेकवर पाय होता आणि मागे शाळेची एकतीस मुलं होती. लाल दिव्याचा हिरवा झाला, मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले, तरी काका ढिम्म. शेवटी मुलांची चढउतार सांभाळणाऱ्या बसताईंनी खांदा गदगदा हलवला, तेव्हा काका दचकून म्हणाले, "आलं का घर?"

मुलं खदाखदा हसली. बसताई हसल्या नाहीत. उभ्या गाडीत लागली म्हणून निभावलं; चालत्या गाडीत लागली असती तर, हा विचार काकांना पुरता करवेना. बावीस वर्षांत त्यांच्या बसमधल्या एका पोराला ओरखडा आला नव्हता. देवाची कृपा, असं ते म्हणत. पण आरसे मात्र रोज स्वतःच्या हाताने पुसत.

त्याच दिवशी शाळेच्या मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. बाई कधी आवाज चढवत नसत, म्हणून तर त्यांची भीती वाटे.

"झोप होते का तुमची?"

"पडतो वेळेवर, बाई."

"मी पडण्याचं नाही विचारलं."

बाईंनी समोरची वही मिटली.

"आठवडाभर बस दुसरे कोणी चालवतील. तेवढ्यात झोपेचं काय ते बघा. नाहीच जमलं तर फाटकावर बसा, कोणी तुम्हाला काढत नाही. पण बस हवी असेल तर मला खात्री द्या. तोंडी नको."

फाटकावर बसण्यात कमीपणा नव्हता. पण कोण खिडकीशिवाय ओकतं, कोणाला उतरताना दप्तराची आठवण करावी लागते, कोणाची आजी थांब्यावर उशिरा पोचते, हे सगळं काकांच्या डोक्यात होतं. ते दुसऱ्याच्या डोक्यात कसं घालणार?

त्यांची लेक इस्पितळात कामाला. छातीवर चकत्या चिकटवून हृदयाचा आलेख काढायचं काम तिच्याकडे. तिने आपल्या मनगटावरचं घड्याळ काढून बापाच्या मनगटावर बांधलं.

"बाबा, हे झोप मोजतं. रात्री काढायचं नाही."

"झोपलोच नाही तर काय मोजेल ते?"

"न झोपणंही मोजतं."

"बरं झालं," काकू आतून म्हणाल्या. "घरात एक तरी खरं बोलणारं आलं."

दुसऱ्या दिवशी काकांनी घड्याळाशी जोडलेला मोबाईल उघडला. सात तास दहा मिनिटं, झोप उत्तम. तिसऱ्या दिवशी सहा तास पंचावन्न, उत्तम. चौथ्या दिवशीही तेच. काकू म्हणाल्या, "बघा! आणि सकाळी तोंड असं करता, जणू रात्रभर पोती उचललीत." समोरच्या इमारतीतलं घड्याळ तास वाजवतं. दोन, तीन आणि चार असे तिन्ही वेळचे ठोके काकांनी रोज ऐकले होते. ते झोपेत ऐकले म्हणावेत, तर मोजले कोणी?

पण सात दिवस झाले आणि हातात सात 'उत्तम' आले. बाईंना तोंडी नको होतं ना? काकांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून कागद छापून घेतले, घडी करून खिशात घातले आणि शाळेची वाट धरली. मी कुठे खोटं बोलतोय, घड्याळ बोलतंय, असं ते स्वतःला समजावत होते.

फाटकाशी पहिल्या बाकावर बसणारी चिमुरडी भेटली.

"काका, उद्यापासून तुम्ही येणार?"

"बघू."

"या ना! तुम्हाला झोप आली तर मी उठवीन. मी पुढेच बसते."

पोरीने अगदी मनापासून सांगितलं. सात वर्षांच्या लेकराने आपल्यावर पहारा ठेवायचा? काका फाटकातूनच मागे वळले आणि तडक लेकीच्या इस्पितळात गेले. कागद तिच्या पुढ्यात टाकले.

"हे खोटं आहे."

"बाबा, घड्याळ कशाला खोटं बोलेल?"

"ते मला माहीत नाही. मी जागा असतो, एवढं माहीत आहे."

लेकीने दोन रुग्णांच्या मधल्या वेळात मोबाईल हातात घेतला. 'उत्तम' लिहिलेलं पान तिने बाजूला सारलं आणि नाडीचा आलेख काढला. बघता बघता ती खुर्चीत पुढे सरकली.

"बाबा, जागे असता तेव्हा काय करता?"

"काही नाही. पडून असतो."

"कूस बदलता?"

"छे! तुझी आई उठेल ना. तिचं ऑपरेशन झाल्यापासून मी हलतच नाही."

"त्याला आठ महिने झाले, बाबा!"

"झाले. पण ऐकावं लागतं."

"काय ऐकावं लागतं?"

"तिचा श्वास."

लेकीने आलेखावर बोट ठेवलं. "हे बघा. झोप लागली की नाडी उतरते. तुमची बारा वाजता उतरली, छप्पनवर आली. आणि दोनपासून साडेचारपर्यंत सत्तरच्या वर. घड्याळाने हात हलला नाही एवढं बघितलं आणि झोपेत धरलं. बापाने घड्याळालाही फसवलं!"

मग तिला काय वाटलं कोण जाणे, दोन दिवसांसाठी ते घड्याळ तिने आईच्या हाताला बांधलं. काकू कुरकुरल्या, "मला काय झालंय? मी डोकं टेकलं की मेल्यासारखी झोपते."

सुट्टीच्या दुपारी लेक स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मोबाईल घेऊन बसली. आईचीही झोप उत्तम. आणि आईचीही नाडी दोन ते साडेचार वर.

"आई?"

काकू शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मग काय करू? हे कान लावून पडलेले असतात, मला कळत नाही होय? जरा हलले तर घाबरून दिवा लावतील, पाणी आणतील, कपाळाला हात लावतील. म्हणून पडते झोपल्यासारखी. म्हटलं, यांना तरी लागेल."

"आणि मी म्हणत होतो, तुला तरी लागेल," काका म्हणाले.

"अहो, मी काय पळून चाललेय?"

"त्या दिवशी इस्पितळात चालली होतीस."

काकूंचा हात थांबला. आठ महिन्यांत काका हे पहिल्यांदा बोलले होते. लेक उठून उगाचच नळाखाली हात धुऊ लागली.

"देवाने राखलं ना?" काकू हळूच म्हणाल्या. "मग आता त्याचं काम त्याला करू द्या. तुम्ही किती रात्री राखण करणार?"

काकांनी बाईंकडून आणखी सुट्टी मागून घेतली आणि लेकीने दोघांनाही डॉक्टरांकडे नेलं. आजार काही निघाला नाही. बस चालवणाऱ्याला झोपेची गोळी देणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आणि काकूंचे नवे रिपोर्ट काकांना ओळीओळीने समजावून सांगितले. घरी ठरलं, की जो जागा होईल त्याने हलायचं, खोकायचं, वाटलं तर बोलायचं. पहिल्या आठवड्यात दोघं इतकं बोलले, की झोप आणखीच घटली. मग हळूहळू बोलणं सरत आलं आणि नाडी उतरू लागली.

काकांनी मोठ्या बाईंपुढे दोन्ही कागद ठेवले, घड्याळाचं 'उत्तम' आणि त्याखाली दडलेलं खरं. "बाई, सध्या पाच-साडेपाच तास झोप होते. पुरती खात्री मी देऊ शकत नाही. पण ज्या दिवशी नाही होणार, त्या दिवशी सांगेन."

बाईंनी आलेख नीट बघितला. आणखी तीन आठवडे थांबायला लावलं. त्यानंतर बस परत दिली.

दीड महिना सुरळीत गेला. मग एका सकाळी साडेपाचला बाईंचा फोन वाजला.

"बाई, आज माझी झोप झाली नाही. बस दुसऱ्यांना द्या."

काकांना वाटलं, संपलं, आता फाटकच.

"बरं झालं सांगितलंत," बाई म्हणाल्या. "उद्या या."

काकांनी फोन ठेवला आणि आडवे झाले. काकूंनी पडदा ओढला, स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि भांड्यांना नऊ वाजेपर्यंत हात लावला नाही. काका हात-पाय पसरून, मोठ्यांदा घोरत झोपले होते.