हात पाठीमागे

आमच्या घरी दूध उतू जायला लागलं की नवरा बाहेरच्या खोलीतून विचारतो, "हात पाठीमागे घेऊन उभी आहेस का?" चेष्टा आहे, पण खोटी नाही. काही पडलं, सांडलं, कोणी किंचाळलं की माझे दोन्ही हात आधी पाठीमागे जातात आणि मगच मी जागची हलते. ही खोड मला समुद्रकाठच्या सुरूच्या बनात लागली. ती सुटावी असं मला कधी वाटलं नाही.

नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. बोर्ली पंचतनजवळच्या एका शाळेत मी शिकवत होते आणि दिवाळीची सुटी घरच्या पोफळीच्या वाडीत लोळून काढायची असं ठरवून बसले होते. तेवढ्यात ऑर्डर आली, शिक्षकांनी प्रथमोपचाराच्या शिबिराला हजर राहावं. शिबिर समुद्रकाठच्या सुरूच्या बनात होतं. आम्ही सगळे चडफडतच गेलो. शिकवायला दोघं होती, सैन्यातून निवृत्त झालेले एक हवालदार आणि सरकारी दवाखान्यात जन्म काढलेली एक सिस्टर. हवालदारांच्या मिशा बघूनच मला राग आला होता. हा माणूस आपल्याला पळवणार, हे उघड दिसत होतं.

पळवलं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी फक्त उभं केलं. समोर वाळूत एक माणूस आडवा झोपवला आणि म्हणाले, "जखमी दिसला की आधी हात पाठीमागे. दहा आकडे मोजा. डोळ्यांनी बघून घ्या. हात नंतर." आम्ही हसलो. ते हसले नाहीत. दुपारपर्यंत आम्ही तेवढंच केलं.

सिस्टर वेगळी होती. अंगानं भरलेली, आवाज हळू, पण बोलली की पुन्हा विचारायची सोय नाही. उंचावरून पडलेल्या माणसाची मान कशी धरायची ते तिनं मला दाखवलं. डोक्यामागे बसायचं, कोपरं टेकवायची, दोन्ही तळवे कानांवर. मग मला तसंच बसवून ती चहाला निघून गेली. जाताना म्हणाली, "हात दुखला तर दुखू दे. त्याची मान हलली तर मी तुला हलवीन." चांगला अर्धा तास गेला. परत येऊन तिनं माझ्या खांद्यावर थोपटलं, बाकी काही नाही. तेवढ्या थोपटण्यासाठी मी आणखी अर्धा तास बसले असते.

वाळूत जखमी म्हणून झोपायचा तो आमच्याच वाडीतला गडी, पोफळीवर चढून सुपारी काढणारा. पायांत काथ्याचा वेढा अडकवून तो सरसर वर जायचा आणि शेंड्यावरच झोका घेऊन पुढच्या झाडावर उतरायचा. शिबिरात तो नुसता बघायला आला होता. हवालदार आम्हाला गाठी शिकवत होते, तेव्हा हा मागून म्हणाला, "साहेब, ही गाठ ओली झाली की सुटाची न्हाय." हवालदारांनी दोर त्याच्या हातात दिला, त्यानं स्वतःची गाठ मारून दाखवली, आणि त्या दिवसापासून ते त्याला उस्ताद म्हणू लागले. इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवत आलेला माणूस आमच्या गड्यासमोर मांडी घालून गाठ शिकला, हे मला फार आवडलं. आता मी शिबिरं घेते, पण असं मांडी घालून बसणं मला अजून तितकंसं जमत नाही.

उस्ताद जखमी म्हणून मात्र अगदी बेकार. कोणी मानेला हात लावला की त्याला गुदगुल्या व्हायच्या. सिस्टर वैतागून म्हणायची, "अरे, मेल्यासारखा नको, पण जखमी असल्यासारखा तरी पड."

दोन महिन्यांनी, ऐन सुपारीच्या दिवसांत, तो खरोखर पडला.

मी रविवारची घरी होते. वाडीतून धप्प आवाज आला आणि मागोमाग ओरडा. धावत गेले तर तो पाठीवर पडलेला, डोळे उघडे. माझे हात पाठीमागे गेले. मी मोजत होते आणि बाबा ओरडत होते, "उभी काय राहिलीस? उचला त्याला." दोन गडी त्याच्या काखेत हात घालायला वाकले. आमच्याकडे पडलेल्याला आधी उठवून बसवतात आणि वाडीचा मालक स्वतःच्या हातानं त्याला पाणी पाजतो. तहानलेला गेला तर तो डाग घराला लागतो, असं मानतात.

"कोणी हात लावायचा नाही," मी म्हणाले. बाबांपुढे मी आवाज चढवल्याची ती पहिलीच वेळ. एका गड्याला अँब्युलन्सला फोन करायला पाठवलं आणि उस्तादच्या डोक्यामागे बसून तळवे कानांवर ठेवले.

"ताई, पाय हायत का न्हाय तेच कलत न्हाय," तो म्हणाला. मग, "पानी द्या."

बाबा तांब्या घेऊन आले होते. सिस्टरनं बजावलं होतं, अशाला पोटात काही द्यायचं नाही. मी नको म्हणाले.

"माझ्या वाडीत पडलाय तो," बाबा तांब्या पुढे करत म्हणाले. "पाणी मागतोय आणि तू नको म्हणतेस?"

मी ओढणीचं टोक भिजवायला सांगितलं आणि बाबांकडूनच त्याचे ओठ ओले करून घेतले. तो परत परत मागत राहिला. म्हसळ्याकडून गाडी यायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ मी त्याची मान धरून होते आणि मनात एकच होतं, हा गेला तर मी एका माणसाला पाण्यावाचून घालवला. त्याला मात्र त्या दिवशी गुदगुल्या झाल्या नाहीत.

रात्री सिस्टरला फोन करून मी रडले. ती म्हणाली, "ओठ ओले केलेस ना? मान हलली नाही ना? मग रड खुशाल."

त्याच्या पाठीचा मणका मोडला होता. पाय परत येतील की नाही, हे डॉक्टर कितीतरी दिवस सांगत नव्हते. बाबा माझ्याशी कामापुरतं बोलत. जेवताना पाण्याचं भांडं स्वतःच भरून घेत, माझ्या हातचं घेत नसत. मला त्याचा राग येई आणि वाईटही वाटे.

आंब्याच्या दिवसांत एका दुपारी तो वाडीचं बेडं उघडून आत आला. हातात काठी, पण चालत, एकटा. झाडावर पुन्हा चढायचं नव्हतं, हे त्याला माहीत होतं, तरी मान वर करून तो पोफळींचे शेंडे बघत होता. मग पडवीत टेकला आणि म्हणाला, "डॉक्टर म्हनला, उठवून बसवला असता तर संपला असतास."

बाबा आत गेले. तोच तांब्या भरून बाहेर आले, त्याच्यापर्यंत गेले, थांबले आणि मागे वळून तांब्या माझ्यापुढे धरला.

"त्या दिवशीचं राहिलंय," ते म्हणाले. "तू दे."