सरांनी कोट चढवला

कपाट उघडलं, डांबरगोळ्यांचा वास आला आणि वळसंगचे सर आठवले.

सोलापुरात आमच्या कॉलेजात ते राज्यशास्त्र शिकवायचे. फार कडक. संस्थेनं त्यांना काढलं, तेव्हा त्यांच्यापुढे ठेवलेल्या मुलांच्या तक्रारीच्या कागदावर माझीही सही होती. पुढे परीक्षा आली. पाचशे वर्षांपूर्वीच्या एका इटालियन मुत्सद्द्याचा धडा काही केल्या समजेना, म्हणून मी निर्लज्जपणे सरांचंच गाव, वळसंग, गाठलं.

सर रानातून आले, पाय चिखलानं भरलेले. "बस, आलोच," म्हणाले. हातपाय धुऊन, डांबरगोळ्यांचा वास येणारा कॉलेजातला कोट चढवूनच ते बाहेर आले. मला हसू आवरेना.

"हसतीस काय? तुझ्या धड्यातल्या त्या मुत्सद्द्यालाही पदावरून काढलं होतं. दिवस शेतावर काढायचा आणि संध्याकाळी मळके कपडे उतरवून दरबारी पोशाख घालायचा. मगच पुस्तकाला हात लावायचा."

मग त्यांनी धडा समजावला. राजाला प्रेमापेक्षा धाक जास्त उपयोगी, कारण प्रेमाचं नातं माणसं स्वार्थासाठी सहज तोडतात.

"सर, हे खरं असतं?"

"माझा तर तुमच्यावर लई धाक होता की. काय उपयोग झाला?" सर शांतपणे म्हणाले. "हं, पुढचं लिहून घे."

तेव्हा मला तो टोमणा वाटला. खाली मान घालून मी लिहीत राहिले. आता मीही शिकवून निवृत्त झालेय, तेव्हा कुठे त्या कोटाचा अर्थ कळतो. कागदावरची माझी सही सरांनी वाचली होती, आणि तरी माझ्यासमोर बसायला त्यांनी कोट चढवला होता.