मोशे समुद्राला पोचेपर्यंत

आमच्या परळच्या ख्रिस्ती मंडळीतले जुने लोक आता पांगलेत. कोणी विरारला, कोणी पुण्याला मुलाकडे. पण लग्नात नाहीतर मयतीला दोघं-तिघं जरी भेटले तरी आधी गुडघ्यांची चौकशी होते, मग शुगरची, आणि मग कोणीतरी हळूच म्हणतं, "याकोबकाका आठवतात का गं?" झालं. हातातला चहा थंड होतो. किस्से कोणी जमवायला जात नाही, ते माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे आपोआप साठतात आणि टाकवतही नाहीत. माझ्याकडे जरा जास्तच साठलेत, कारण बुधवारची प्रार्थनासभा आमच्याच खोलीत भरायची.

खोली चाळीच्या पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून. मी तेव्हा जवळच्याच हॉस्पिटलात नर्सिंग शिकत होते आणि सभेत पेटी वाजवायचे. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. खाली रस्त्यावर मोर्चा, वर आमच्याकडे भजन. दोन्हीकडचे आवाज चढे असायचे.

* * *

आमच्यात प्रार्थना म्हणजे डोळे मिटून. एकाने मोठ्याने बोलायचं, बाकीच्यांनी मनातून साथ द्यायची, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून "आमेन" म्हणायचं. आमेनच्या आधी डोळे उघडणं म्हणजे देवासमोरून न विचारता उठून जाणं, असं दानिएल मास्तर सांगायचे. मास्तर म्युन्सिपाल्टीच्या शाळेत शिकवायचे आणि मंडळीचे सेक्रेटरी होते, म्हणजे आम्हाला सुट्टी कुठेच नव्हती.

याकोबकाका मूळचे नगरकडचे. सगळा जन्म गिरणीत मागावर गेला. त्या खडखडाटात राहून त्यांना हळू बोलणं माहीतच नव्हतं. रिटायर झाल्यावर त्यांना एकच काम उरलं होतं, ते म्हणजे बुधवारची प्रार्थना. आणि ती ते उत्पत्तीपासून सुरू करायचे. कोणाच्या सुनेचं बाळंतपण सुखरूप होऊ दे, एवढंच मागायचं असलं तरी काका आधी प्रकाश आणि अंधार वेगळे करायचे. मग आदाम, मग नोहा आणि त्याचं तारू, अब्राहाम, खड्ड्यात टाकलेला योसेफ, मग मोशे आणि त्याची माणसं फारोच्या फौजेपुढे पळत तांबड्या समुद्रापर्यंत. एवढं झालं की गाडी चाळीतल्या नळावरून त्या सुनेपर्यंत यायची. तोवर ती बिचारी कळा देऊन मोकळी झालेली असायची, असं आई म्हणायची.

आमच्या शेजारी सावंतबाई राहायच्या. मालवणच्या. घरात गणपती, पण आमचा जुना करार त्यांना आमच्यापेक्षा चांगला पाठ होता. एकदा मी विचारलं, "वहिनी, तुम्ही दर बुधवारी गॅलरीत उभ्या राहून ऐकता, तुम्हाला आवडतं का?"

"आवडता कसला गो," त्या म्हणाल्या. "घरात घड्याळ नाय. तुमचो आदाम इलो की मी डाळ चढवतंय. मोशे समुद्राक पोचलो की माजी डाळ शिजली."

हे ऐकून काका रागावतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "कोणती डाळ?"

"तूर," मी सांगितलं.

काकांनी समाधानाने मान हलवली.

* * *

एका बुधवारी पाळकसाहेब, म्हणजे आमच्या मंडळीचे पाद्री, जेवायला थांबणार होते. आईने बांगडे तळले आणि ताट झाकून कोपऱ्यात ठेवलं. काकांची प्रार्थना सुरू झाली. योसेफाचे भाऊ त्याला खड्ड्यात टाकत होते तेवढ्यात कोपऱ्यात झाकण पडल्याचा आवाज झाला. मग काहीतरी फरफटत गेलं. मग चपचप असा समाधानाचा आवाज येत राहिला. खोलीभर माणसं, सगळ्यांना कळलं काय चाललंय, पण डोळे कोण उघडणार? आईने नुसता एक सुस्कारा सोडला. योसेफ मिसर देशाचा अधिकारी होईपर्यंत आमचे बांगडे संपलेले होते.

आमेन झालं. सगळ्यांनी रिकाम्या ताटाकडे पाहिलं.

आई म्हणाली, "नक्की तळमजल्यावरची काळी मांजर असणार."

"छे, छे," दानिएल मास्तर पटकन म्हणाले. "पांढरी होती. शेपटीला काळा ठिपका."

सगळ्या माना मास्तरांकडे वळल्या. मास्तर पेटीकडे बघायला लागले.

पाळकसाहेबांनी घसा साफ केला आणि फार सौम्यपणे विचारलं, "मास्तर, बांगडे सगळे नेले की एखादा ठेवला, तेही दिसलं असेल."

त्यानंतर कित्येक बुधवार मास्तर डोळे इतके घट्ट मिटायचे की त्यांचं कपाळ दुखायचं. मीच त्यांना बाम द्यायचे.

* * *

मंडळीत सरकारी नोकरीतले लोक होते, म्हणून पाळकसाहेबांनी ताकीद दिली होती की प्रार्थनेत राजकारण आणायचं नाही. बाहेर चाळीत सीमेवरच्या गावांच्या नावाने घोषणा चालायच्या, आत आम्ही आजारी माणसांची नावं घ्यायचो.

काका उभे राहिले. मोशे पार झाला आणि काका म्हणाले, "प्रभो, बेळगावला तुझी लेकरं हायेत. कारवारला हायेत. निपाणीला तर माझी मावशी हाय. समद्यांवर नजर ठेव."

आमेन झाल्यावर पाळकसाहेबांनी त्यांना बाजूला घेतलं. "याकोबराव, हे राजकारण झालं."

"म्या कुठं काय मागितलं?" काका म्हणाले. "नुसती नावं घेतली. पुढचं त्येचं त्येला कळतंय."

पुढच्या बुधवारी काकांना डांगमध्येही एक मावशी निघाली.

* * *

शेवटी मास्तरांनी विषय पंचांच्या सभेत नेला. वेळ ही देवाची देणगी आहे, ती एकट्याने वापरू नये, असं त्यांचं म्हणणं. ठराव झाला की प्रत्येकाने पाच मिनिटांत प्रार्थना आटपायची. पुढच्या बुधवारी मास्तर घरून गजराचं घड्याळ घेऊन आले आणि पेटीवर ठेवलं.

काका नेहमीसारखे उभे राहिले. प्रकाश झाला, आदाम झाला, नोहा सगळ्या प्राण्यांना घेऊन तारवात चढला, पाऊस सुरू झाला, आणि घड्याळ खणखणलं. माझ्या कानाशीच होतं, मी दचकून पेटीचा भाता दाबला आणि पेटी ओरडली. काका क्षणभर तसेच उभे राहिले. मग "आमेन" म्हणाले आणि खाली बसले. नोहा, त्याच्या सुना, हत्ती, उंट, सगळे तसेच पाण्यावर राहिले.

दारात सावंतबाई पळी घेऊन आल्या. "काय झाला? डाळ कच्चीच रवली माजी!"

सगळे हसले. काका हसले नाहीत.

पुढच्या बुधवारी पाळकसाहेब म्हणाले, "याकोबराव, आपण प्रार्थना चालवावी." काकांनी मान हलवून नकार दिला. त्याच्या पुढच्याही बुधवारी तेच. येत होते, कोपऱ्यात बसत होते, आमेन म्हणत होते, पण बोलत नव्हते. आमची फार मोठी सोय झाली असं आम्हाला वाटलं. पण काकांनी सोडलेला सगळा वेळ पाळकसाहेबांच्या उपदेशाने व्यापला, आणि पाळकसाहेबांना घड्याळ लावायची हिंमत मास्तरांतही नव्हती. तोवर आम्हाला काकांचा नोहा गोड वाटायला लागला होता.

एकदा सभा सुटल्यावर मी काकांना जिन्यातून खाली सोडायला गेले. त्यांना अंधारात पायऱ्या दिसायच्या नाहीत. मधल्या पायरीवर ते थांबले.

"पोरी, तू शिकलेली हायेस, म्हणून इचारतो. मागावर होतो तवा हात चालायचे. कापड निघायचं. कुणाच्या तरी अंगावर जायचं. आता हात रिकामे. तोंड तेवढं राहिलं व्हतं, त्यालाबी गजर लावला. मग मला ठिवलंय कशाला त्येनं अजून?"

मला रोग्याची नाडी बघता येत होती, ताप उतरवता येत होता. याला काय द्यायचं ते मला ठाऊक नव्हतं. फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "काका, आधी पायरी सांभाळा."

* * *

मग एका बुधवारी दुपारपासूनच लालबागकडून घोषणा ऐकू येत होत्या. संध्याकाळी पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि तो गल्लीतून थेट आमच्या खोलीपर्यंत आला. त्या दिवशी डोळे मिटा असं कोणाला सांगावं लागलं नाही. तरी मंडळी जमली होती. पाळकसाहेब म्हणाले, "आज शहरासाठी प्रार्थना करू या," आणि त्यांनी सुरुवात केली. मास्तरांचं घड्याळ पेटीवर टिकटिकत होतं.

जिन्यावरून धाडधाड पावलं आली. कोणीतरी दारातून आत शिरलं आणि थेट माझ्या आणि पेटीच्या मधे बसलं. घामाचा आणि धुराचा वास आला. श्वास असा चालला होता की आमच्या वॉर्डात असता तर मी डॉक्टरांना हाक मारली असती. परक्या पुरुषाला खेटून बसायची माझी ती पहिलीच वेळ, आणि तीही डोळे मिटून. मी चाचपडत गायनपुस्तक उचललं आणि त्याच्या हातात कोंबलं. पलीकडे आई सरकून बसली, चटई ओढल्याचं कळलं. डोळे कोणीच उघडले नाहीत.

मग जिन्यावर बूट वाजले.

पाळकसाहेबांची प्रार्थना संपत आली होती. त्यांनी शेवटचं वाक्य म्हटलं, परत एकदा म्हटलं, तिसऱ्यांदाही म्हटलं. आता आमेन. आमेन झालं की डोळे उघडायचे, आणि दारातला माणूस विचारणार की हा कोण.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. मागाच्या खडखडाटावर चढवलेला, संबंध मजल्याला ऐकू जाणारा.

"हे आकाश आणि पृथ्वी उत्पन्न करणाऱ्या बापा! जवा काहीच नव्हतं, समदा अंधार व्हता..."

माझ्या शेजारचा श्वास जरा सावकाश झाला. पेटीवर गजराची चावी फिरल्याची करकर झाली; मास्तरांचा हात सवयीने गेला होता.

बूट दारात थांबले. आदाम झाला. नोहा तारवात चढला. याच जागी घड्याळ वाजणार हे सगळ्या खोलीला माहीत होतं, आणि ते वाजलंच. एकदाच खणखणलं आणि मग एकदम गुदमरल्यासारखा घुर्रर्र आवाज येत राहिला. दानिएल मास्तर त्यावर बसले होते.

काकांनी त्या दिवशी एकही उंट गाळला नाही. बाहेर हवालदार सावंतबाईंना दबक्या आवाजात विचारत होता, "बाई, हे कधी संपतं?"

"आत्ता खंय नोहा झालो," सावंतबाई म्हणाल्या. "अजून अब्राहाम आसा, योसेफ आसा. तुमी बसा, पाणी देव काय?"

"आत कोणी शिरलं का, पाहिलंत?"

"माका काय इचारतास? मी डाळीकडे बघी होतंय."

हवालदार उभा राहिला. खोकत होता, त्याच्याही डोळ्यांत धूर गेला असणार. आत काका मिसर देशातून निघाले. "मागं फौज व्हती, बापा, म्होरं पाणी व्हतं, आणि पळणाऱ्याला जागा नव्हती. तवा तू समुद्र दुभागलास." हे काकांनी नेहमीपेक्षा सावकाश म्हटलं. मग बुटांचा आवाज जिन्यावरून उतरत गेला.

काका थांबले नाहीत. मधेच माझ्या शेजारी कपड्यांची सळसळ झाली, आणि पलीकडे सावंतबाईंच्या खोलीचं दार उघडून लागलं. काका बेळगावला गेले, कारवारला गेले, निपाणीच्या मावशीकडे थांबले, डांगला जाऊन आले. पाळकसाहेब प्रत्येक गावाला "होय प्रभो" म्हणत होते. मग आमेन झालं.

आम्ही डोळे उघडले. माझ्या शेजारची जागा रिकामी होती आणि गायनपुस्तक तिथे उलटं उघडून पडलं होतं. मास्तर उठले तेव्हा घड्याळाची काच त्यांच्या धोतराला चिकटली होती.

खाली उतरलो तर हवालदार चाळीच्या दाराशी उभा. त्याने नेमकं मास्तरांनाच गाठलं. "मास्तर, तुम्ही खोटं बोलणार नाही. वर कोणी आलं होतं?"

आम्ही सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. सगळ्यांच्या मनात ती पांढरी मांजर होती.

मास्तर ताठ उभे राहिले. "हवालदार," ते म्हणाले, "प्रार्थनेत आम्ही डोळे उघडत नाही. कोणालाही विचारा."

हवालदाराने टोपी नीट केली आणि तो निघून गेला.

पुढच्या बुधवारी पेटीवर घड्याळ नव्हतं. त्याबद्दल कोणी मास्तरांना विचारलं नाही. भजन झालं, पाळकसाहेबांनी कोपऱ्याकडे पाहिलं, आणि याकोबकाका धोतर सावरत उभे राहिले. एवढ्यात सावंतबाई दारात आल्या.

"काकानू, आज आसा मां तुमचा? तूर चढवू?"

काकांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या.

"नगं," ते म्हणाले. "आज चण्याची घाला."